ट्रीटेड लाकडातले स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात: कारण कसं शोधायचं आणि पुढे कोणते स्क्रू वापरायचे

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. समुद्राजवळच्या घरापुढे ट्रीटेड, म्हणजे कीड-कुज लागू नये म्हणून औषध मुरवलेल्या पाइनचा डेक, बाक किंवा वेलाचा मांडव उभा केला. लाकूड ठणठणीत आहे, वाळवी नाही, कुज नाही. पण दुसरा पावसाळा संपतो आणि स्क्रूच्या डोक्यांखालून तांबडे ओघळ दिसू लागतात, एखादी फळी पायाखाली हलते, आणि पेचकस लावून जरा जोर दिला की डोकं तुटून हातात येतं. मिस्त्री नवे स्क्रू मारून जातो. दोन वर्षांनी पुन्हा तेच.

तेच स्क्रू त्याच भोकात मारले की ती दुरुस्ती दोनच वर्षांची असते. गंज का चढला हे स्क्रूच्या डोक्यावरून कळत नाही, कारण खरं नुकसान फळीच्या आत होतं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी निदान तीन स्क्रू अख्खे बाहेर काढून ते कुठे झिजलेत ते बघा. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

आधी स्क्रू अख्खा काढा

तीन जागा निवडा: एक उघड्या पावसात भिजणारी, एक पागोळीच्या आतली म्हणजे छपराखालची, आणि एक जिथे दोन फळ्यांची टोकं एकाच वाशावर मिळतात ती. डोक्याच्या खाचेतली माती टोच्याने खरवडून काढा, नाहीतर बिट घसरून खाच गुळगुळीत होते. पहिला झटका सोडवायच्या दिशेने देऊ नका. आवळायच्या दिशेने अगदी किंचित फिरवा, गंजाची पकड सुटल्याची बारीक कट्ट जाणवेल, मग उलटं फिरवा. तरी हलला नाही तर तापलेलं सोल्डरिंग आयर्न मिनिटभर डोक्यावर टेकवून ठेवा. धातू फुगतो, आकसतो आणि सुटतो. ट्रीटेड लाकडावर गॅसची ज्योत मात्र कधीच लावू नका, त्या धुरात आर्सेनिक असतं. डोकं तुटलंच तर फळी उचलून काढा आणि वाशातून वर आलेला दांडा व्हाइस ग्रिपने घट्ट धरून फिरवा.

काढलेला स्क्रू जुन्या टूथब्रशने पाण्याखाली घासा आणि उजेडात आडवा धरून बघा.

डोकं तांबडं, पण आत गेलेला दांडा अजून चकचकीत असेल, तर दोष हवेचा आहे किंवा बिट घसरून डोक्यावरचा मुलामा सोलला गेला आहे. लाकडातल्या औषधाचा यात फारसा हात नाही.

डोकं बरं, टोक बरं, पण मधेच स्क्रूला कंबर आली असेल, तर ती कंबर डोक्यापासून किती अंतरावर आहे ते मोजा. फळी २५ मिमीची असेल तर ती बरोबर २५ मिमीवर सापडते, म्हणजे जिथे फळी वाशावर टेकते त्या सांध्यात. तिथे पाणी शिरतं, पालापाचोळ्याचा चिखल साचतो आणि पाऊस थांबला तरी आठवडाभर तो सांधा सुकत नाही. ५ मिमीचा स्क्रू तिथे काडीपेटीतल्या काडीएवढा झालेला असतो. हाच सगळ्यात धोक्याचा प्रकार, कारण वरून काहीच दिसत नाही आणि माणूस कठड्याला टेकला की मगच कळतं.

दांडा सगळीकडून सारखा फुगलेला, आट्यांत भुसभुशीत गंज, आणि गंज घासल्यावर कुठे कुठे तांब्याची लालसर झाक दिसत असेल, तर ओलं ट्रीटेड लाकूड आणि पातळ मुलाम्याचा स्क्रू ही जोडी चुकली आहे.

नुसती पांढरी भुकटी दिसत असेल तर ते जस्त खर्ची पडतंय. लोखंड अजून शाबूत आहे, स्क्रू बदलायला थोडा अवधी आहे.

आणि स्क्रू कोऱ्या, चमकदार तुटीने तुटला असेल तर गंजाचा संबंध कमी. भोक न पाडता मशिनच्या पूर्ण वेगात मारलेला स्क्रू, किंवा लाकूड फुगताना-आकसताना कापला गेलेला ठिसूळ स्क्रू, असा तुटतो.

हे बघताना भोकात टोच्या घालून लाकूडही चाचपा. गंजणाऱ्या लोखंडाभोवती आम्ल आणि अल्क असे दोन्ही तयार होतात आणि ते लाकडाचे धागे खातात. औषध मुरलेलं लाकूडसुद्धा स्क्रूभोवती दोन-तीन मिमी काळं आणि मऊ पडतं. तिथे नवा स्क्रू कितीही चांगला मारला तरी तो धरणार नाही.

हे होतं कशामुळे

आपल्याकडे ट्रीटेड लाकूड म्हणजे बहुतेक वेळा सीसीए: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने लाकडात भरलेलं. जुने मिस्त्री याला आस्कू म्हणतात. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी हे मिश्रण तयार केलं आणि पुढे ते जगभर विजेच्या खांबांपासून घरांपर्यंत पोचलं. हिरवट झाक असलेलं पाइन दिसलं की ते असंच काहीतरी तांब्याचं औषध प्यायलेलं आहे असं धरा.

त्या तांब्याचं आणि लोखंडाचं नातं डोळ्यांनी बघायचं असेल तर पोफळीच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्या कुणाकडूनही थोडं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट आणा. काचेच्या पेल्यात १०० मिली पाण्यात दोन छोटे चमचे विरघळवा आणि पॉलिश पेपरने घासलेला साधा लोखंडी खिळा त्यात बुडवा. मिनिटाभरात खिळा तांबूस होतो. पाण्यातलं तांबं खिळ्यावर बसतं आणि त्याच्या बदल्यात खिळ्याचं लोखंड पाण्यात उतरतं. ओल्या ट्रीटेड फळीत हेच चालतं, फक्त फार हळू, आणि आधी जस्ताचा मुलामा संपतो, मग लोखंडाची पाळी येते.

पाण्याशिवाय हा व्यवहार होत नाही. लाकडातली ओल साधारण १८ ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर गंज जवळजवळ थांबतो. म्हणूनच हेच स्क्रू, हेच लाकूड घराच्या आत वीस वर्षं टिकतं आणि अंगणात दोन वर्षांत संपतं. महाबळेश्वरला मिठाचा कण नसतो, पण लाकूड चार महिने सुकतच नाही, त्यामुळे तिथेही ही तक्रार येते. कोकणात आणि गोव्यात ओल आणि खारा वारा दोन्ही एकत्र.

क्रोमियमचं काम तांब्याला लाकडात पक्कं बांधायचं. ते बांधायला वेळ लागतो. औषध भरून आल्यावर लाकूड दोन-तीन आठवडे तरी आडोशाला, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून ठेवायला हवं, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. ट्रकमधून उतरवलेली जड, ओलसर, हाताला हिरवं लागणारी फळी त्याच दिवशी ठोकली तर स्क्रूच्या वाट्याला मोकळं तांबं येतं. ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर फार महाग नसतं. मात्र औषधातल्या क्षारांमुळे ते ट्रीटेड लाकडात आकडा थोडा चढा दाखवतं, हे लक्षात ठेवून वाचा.

अमेरिकेत घर बांधणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. तिथे २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरातून सीसीए बाजूला झालं आणि त्याजागी एसीक्यू, कॉपर अझोल यांसारखी औषधं आली. त्यात तांबं जास्त आणि क्रोमियम नाही, म्हणून ती लाकडं साध्या मुलाम्याला सीसीएपेक्षा बरीच लवकर खातात. भारतात शिकलेला अंदाज तिथे लावू नका.

मुलाम्याचा हिशोब

हार्डवेअरच्या दुकानात 'बाहेरच्या कामाला स्क्रू द्या' म्हटलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक पुडी पुढे येते. काळे जिप्सम स्क्रू, किंवा पिवळे-पांढरे चिपबोर्ड स्क्रू. काळ्यावर फॉस्फेटचा थर असतो, तो गोदामात गंज न चढण्यापुरता. तो डेकवर एक पावसाळासुद्धा काढत नाही, आणि वर ठिसूळ. पिवळ्या-पांढऱ्यावर विजेने चढवलेलं जस्त असतं, ५ ते ८ मायक्रॉन, फार तर १२ (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग).

आता हे आकडे शेजारी ठेवा. हवा धातूला किती गंजवते ते मोजायच्या आयएसओ ९२२३ या मानकात समुद्रकाठासारख्या हवेला सी५ म्हणतात, आणि तिथे उघड्या जस्ताची झीज वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन धरली आहे. त्याहून कडक सीएक्स वर्गात ८.४ ते २५. म्हणजे पिवळ्या स्क्रूचा मुलामा नुसत्या हवेनेच वर्ष-दोन वर्षांत जातो. लाकडातलं तांबं त्यात धरलेलंच नाही. दोन पावसाळ्यांचं गणित इथून येतं.

वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या, म्हणजे हॉट डिप बोल्टवर ४० ते ५० मायक्रॉन किंवा जास्त थर असतो. आपल्याकडे त्याला आयएस १३६७ चा भाग १३ लागू होतो. दुकानात 'जीआय' (जस्त चढवलेलं लोखंड) हा शब्द मात्र दोन्हीला वापरतात. गुळगुळीत, आरशासारखा चकाकणारा बोल्ट विजेच्या मुलाम्याचा. राखाडी, किंचित खरखरीत, आट्यांत जस्ताचे ओघळ दिसणारा हॉट डिप. शंका असेल तर तेच मोरचूद पुन्हा कामाला येतं. १०० मिली पाण्यात ३० ग्रॅमपर्यंत विरघळवा, नमुन्यावरचं तेल साबणाने धुऊन टाका, एक मिनिट बुडवा, धुवा, कापडाने पुसा. काळी भुकटी पुसून जात असेल तर खाली जस्त आहे. पुसूनही न निघणारा तांबूस चट्टा आला की जस्त संपलं. पातळ मुलामा पहिल्या-दुसऱ्या बुडवणीत उघडा पडतो, हॉट डिप त्यापेक्षा बऱ्याच बुडवण्या सोसतो. पेला काचेचा किंवा प्लास्टिकचा घ्या, हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा झाडांत ओतू नका.

४-५ मिमीचे हॉट डिप स्क्रू सहसा मिळत नाहीत, कारण बारीक आट्यांत जस्त भरून बसतं. त्यामुळे निवड आपोआप अशी होते: मोठे बोल्ट हॉट डिप चालतील, लहान स्क्रू स्टेनलेसचेच.

'एसएस' एवढंच म्हणून भागत नाही

बिलावर नुसतं एसएस लिहिलेलं असेल तर त्यात चार वेगळ्या वस्तू निघू शकतात, आणि समुद्राकाठी त्यांचं आयुष्य अगदी वेगवेगळं असतं.

४१० हे कडक केलेलं स्टेनलेस, स्वतः भोक पाडणाऱ्या स्क्रूंसाठी. क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, निकेल नाहीच म्हणा. खाऱ्या हवेत काही महिन्यांत तपकिरी होतं. याला चुंबक घट्ट चिकटतो, म्हणून ओळखायला सोपं.

२०२ मध्ये महाग निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरलेली असते. नवं असताना ते ३०४ सारखंच दिसतं आणि चुंबक दोन्हीला धरत नाही. बाजारात चुंबक लावून 'बघा, ओरिजिनल' असं दाखवतात, त्यावर विश्वास ठेवू नका. चुंबकाने फक्त ४१० बाजूला काढता येतं. उलट खरं ३०४ सुद्धा आटे पाडताना दाबलं गेल्याने चुंबकाला किंचित ओढतं. २०२ ओळखायला मँगनीज तपासायचं द्रावण मिळतं, ९ व्होल्टच्या बॅटरीसह. थेंब टाकून बाटलीवरच्या रंगाशी जुळवायचा. मोठ्या खरेदीत धातू तपासणीच्या प्रयोगशाळेकडून पीएमआय गनने, म्हणजे धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या हातातल्या यंत्राने, दोन नमुने तपासून घ्या, त्यात स्क्रू खराबही होत नाही.

३०४ म्हणजे ए२: क्रोमियम १८ ते २०, निकेल ८ टक्क्यांहून जास्त. ३१६ म्हणजे ए४: त्यात वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, आणि मिठाला तोंड देतं ते याच्या जोरावर. षटकोनी डोक्याच्या चांगल्या बोल्टवर ए२-७० किंवा ए४-७० असं कोरलेलं असतं. लहान स्क्रूवर ती जागा नसते, म्हणून बिलावर '३१६' असा आकडा लिहून घ्या आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. तालुक्याच्या दुकानात ३१६ चे लाकडाचे स्क्रू क्वचितच ठेवलेले असतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्टचे व्यापारी आहेत, तिथे किंवा थेट फास्टनर विकणाऱ्यांकडे आधी चौकशी करून मागवा. काम सुरू झाल्यावर धावपळीत जे मिळेल ते आणलं जातं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

मग कुठे काय? लाटांचा आवाज घरात येतो अशा जागी, म्हणजे किनाऱ्यापासून साधारण किलोमीटरभरात, सगळं ३१६. मोठे बोल्टही. चिपळूण, लांजा, कणकवलीसारख्या आतल्या भागात ३०४ चे स्क्रू आणि हॉट डिप बोल्ट चालतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, महाबळेश्वर इथेही तेच, आणि चांगल्या कंपनीचे जाड पॉलिमर थराचे डेक स्क्रूही चालतात, फक्त बिट घसरून थर सोलला जाणार नाही एवढी काळजी घ्यायची. ट्रीटेड लाकडात, उघड्यावर, साधा जस्ताचा स्क्रू महाराष्ट्रात कुठेच नको.

स्टेनलेस महाग आहे, मान्य. पण संख्या काढून बघा. ३ मीटर बाय ४ मीटरचा डेक, १४० मिमी रुंद फळ्या ५ मिमी फटीने: २१ फळ्या लागतात. ४०० मिमीवर वासे धरले तर ११ वासे. प्रत्येक छेदावर दोन स्क्रू, म्हणजे २१ गुणिले ११ गुणिले २, एकूण ४६२. मोडतोडीला दहा टक्के धरा, सव्वापाचशेच्या आत काम होतं. हीच मजुरी दोन वर्षांनी पुन्हा द्यायची, आणि तोवर वासे भोकांनी चाळण झालेले, हे त्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

पावसाचं पाणी न लागणारी जागा जास्त वाईट

हे ऐकून बरेच जण चकित होतात. नोव्हेंबर ते मे, सात महिने कोकणात पाऊस जवळजवळ नाही. उघड्यावरचा स्क्रू निदान जूनमध्ये धुऊन निघतो. पण पागोळीच्या आतल्या, पडवीच्या वाशावरच्या स्क्रूवर मिठाचा थर वर्षानुवर्षं चढत राहतो आणि रात्रीच्या दमट हवेत तो स्वतःच पाणी ओढून ओला होतो. तिथे ३०४ वर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. काढलेल्या तीन स्क्रूंपैकी छपराखालचाच सगळ्यात जास्त तांबडा निघाला तर कारण हे. उपाय साधा: तिथेही ३१६, आणि उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने धुणं. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.

नव्याने बसवताना

जुन्या भोकात नवा स्क्रू नको. २५ मिमी तरी सरकून नवं भोक पाडा. जुनं भोक मऊ पडलं असेल तर चांगलं लाकूड लागेपर्यंत मोठ्या बिटने उघडा, त्याच लाकडाची गुल्ली इपॉक्सीत बुडवून ठोका. वासा वरून काळा-मऊ झाला असेल तर शेजारी दुसरा वासा जोडा.

फळ्या निघालेल्या आहेत तोवर वाशांच्या वरच्या पाठीवर स्वतः चिकटणारी बिट्युमेन किंवा ब्युटाइलची पट्टी लावून घ्या, वाशापेक्षा थोडी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना खाली वळते. कंबर येणारा सांधा यामुळे कोरडा राहतो, आणि पट्टी स्क्रूच्या दांड्याला घट्ट लपेटून बसते. या सगळ्या कामात कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त फायदा देणारी गोष्ट हीच आहे.

२५ मिमीच्या फळीला ५ बाय ६० आणि २८ मिमीच्या फळीला ५ बाय ७० चा स्क्रू घ्या. नंबरांत बोलायचं तर १० नंबर, अडीच किंवा पावणेतीन इंची. वाशात निदान ३५ मिमी गेला पाहिजे. ३०४-३१६ स्टेनलेस कडक केलेल्या पोलादी स्क्रूपेक्षा मऊ असतं, म्हणून भोक पाडल्याशिवाय मारायचं नाही: पाइनमध्ये ३ मिमी, सागात किंवा ऐनात साडेतीन. वरच्या फळीतलं भोक साडेपाच मिमीचं मोकळं ठेवा, म्हणजे फळी फुगली-आकसली तरी स्क्रूवर ताण येत नाही. फळीच्या टोकापासून ३० मिमी आणि कडेपासून २० मिमी आत राहा. मशिन कमी वेगावर, शेवटचे दोन फेरे हाताने. डोकं फळीच्या बरोबरीला थांबवा. खोल गेलं की त्यावर पाण्याची वाटी तयार होते.

आट्यांना साबण चोळायची जुनी सवय इथे सोडायला हवी, साबण ओल धरून ठेवतो. मेणबत्तीचं मेण चोळा. बिटही स्टेनलेसचाच वापरा किंवा निदान नवा, आणि शेजारी कुणी लोखंड ग्राइंडरने कापत असेल तर ते आधी थांबवा. त्या ठिणग्यांचे कण ३१६ च्या डोक्यावर चिकटतात, ते गंजतात, आणि मग 'स्टेनलेस गंजलं' अशी तक्रार येते. असे ठिपके सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने निघतात. तारेचा ब्रश लावू नका.

कापलेल्या टोकांना आणि मोठ्या भोकांना लाकूड देणाऱ्याकडूनच टचअपचं औषध आणून दोन हात लावा, सुकू द्या, मग बोल्ट घाला. दाबाने भरलेलं औषध फळीच्या गाभ्यापर्यंत नेहमी पोचलेलं नसतं.

बोल्ट, पट्ट्या आणि दोन धातूंची गाठ

एका सांध्यात एकच धातू, हा नियम जितका जमेल तितका पाळा. स्टेनलेसच्या पट्टीत जस्ताचा खिळा मारणं सगळ्यात वाईट: मोठ्या पट्टीच्या बदल्यात लहानसा खिळा झिजतो, आणि झपाट्याने. उलट, मोठ्या हॉट डिप पट्टीत दोन-चार स्टेनलेस स्क्रू आतल्या भागात निभावतात, पण समुद्राकाठी स्क्रूभोवती जस्ताचा गोल चट्टा जाऊन लोखंड उघडं पडतं. ॲल्युमिनियमचा चॅनेल ट्रीटेड लाकडाला थेट टेकवू नका, मध्ये तीच बिट्युमेनची पट्टी घाला.

हॉट डिप बोल्टला हॉट डिप नटच लागतो, त्याचे आटे मुद्दाम सैल कापलेले असतात. साधा नट जात नाही म्हणून बोल्टवर आटे पाडायची डाय फिरवली तर जस्तच सोललं जातं. थ्रेडेड रॉड कापला तर कापलेल्या तोंडाला झिंकचा रंग दोन हात द्या. स्टेनलेसचा नट स्टेनलेस बोल्टवर जोरात फिरवला तर आटे एकमेकांत वितळल्यासारखे अडकतात, मग पुढेही जात नाही आणि मागेही. अँटी-सीझ ग्रीस लावा, पाना हाताचा वापरा, इम्पॅक्ट मशिन नको. लाकडाखाली वायसर बोल्टच्या तिप्पट व्यासाचा घ्या, नाहीतर तो लाकडात रुतून पाण्याचा खळगा करतो.

साग, ऐन आणि काळे डाग

औषध न भरलेल्या सागात, ऐनात, खैरातही लोखंडी स्क्रूभोवती काळा-निळा डाग पसरतो. हा तांब्याचा प्रकार नाही. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून शाई तयार होते. आधी सगळे लोखंडी स्क्रू काढून स्टेनलेस बसवा, मगच डाग काढा, नाहीतर तो परत येतो. ऑक्झॅलिक ॲसिड ५० ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत. ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने धुवा. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. सीसीए लाकडावर मात्र ब्लीचिंग पावडर किंवा कोणतंही ब्लीच लावू नका. लाकडात बांधलं गेलेलं क्रोमियम त्याने घातक रूपात मोकळं होतं. तिथे साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

रबरवुड किंवा फक्त बोरॉनचं औषध दिलेलं लाकूड स्क्रूला त्रास देत नाही, पण बोरॉन पावसात धुऊन जातं. असं लाकूड उघड्यावर लावलंच असेल तर स्क्रूच्या आधी लाकूडच जाईल.

दुरुस्ती झाली की दिवाळीच्या सुमारास, फळ्या सुकल्यावर, छपराखालचा एक आणि फळीच्या टोकाचा एक असे दोन स्क्रू काढून बघायचे आणि परत बसवायचे. कंबर किंवा भुकटी दिसली नाही तर पुढच्या वर्षापर्यंत निश्चिंत.

राहिला प्रश्न काढलेल्या तुकड्यांचा. कोकणात अंगणात पडलेला लाकडाचा तुकडा सहज न्हाणीच्या चुलीत किंवा बंबात जातो. ट्रीटेड लाकूड जाळायचं नाही. धुरात आर्सेनिक जातं आणि उरलेल्या राखेत त्याहून जास्त राहतं, आणि तीच राख पुढे माडाच्या आळ्यात किंवा भांडी घासायला जाते. कापताना मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरून भुसा गोळा करा, आणि तुकडे गोणीत भरून वेगळे ठेवा, 'औषधाचं लाकूड, जाळू नये' असं गोणीवर ठळक लिहून. घरात नसलेल्या माणसाच्या हाती ते लागलं तरी त्याला कळलं पाहिजे.